काडी हलली का?

खोली बघायला आला तेव्हा त्याने भाडं विचारलं नाही. पाणी किती वाजता येतं तेही विचारलं नाही. नळापाशी वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, पाणी यायच्या आधी हा नळ काही आवाज करतो का?"

"करतो ना," मी म्हटलं. "आदी फुसफुसतो, मंग खोकतो, मंग पानी येतं."

"मग मी खोली घेतो."

असा तो आमच्याकडे आला आणि साडेतीन वर्षं राहिला. पनवेलजवळ विचुंब्याला आमचं घर. पूर्वी चारी बाजूंना भातशेती होती, आता इमारती आहेत. घरात मी, माझा मुलगा, सून आणि नात. मुलगा खडी-रेतीच्या धंद्यात. वर गच्चीला लागून एक खोली, ती भाड्याने द्यायची. तिथे आंघोळीची सोय नव्हती, खाली आमच्याच मोरीत यावं लागायचं. हे आधी सांगते, कारण त्याची ओळख आम्हाला मोरीतूनच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत शिरला, कडी लावली आणि आतून विचारलं, "बाहेर कोणी आहे का?"

मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. "मी हाय. का?"

"डोकं झालं," आतून आवाज आला. जरा वेळाने, "साबण चालू आहे." मग, "पाच तांबे राहिले." मग, "चार."

"आंगोल कर रं गुमान," मुलगा म्हणाला. "बातम्या नको देऊ."

"तुम्ही वाट बघताय ना, म्हणून. तीन."

बाहेर कोणी नसेल तर मात्र तो मुक्याने आंघोळ करायचा. मी एकदा मुद्दाम उत्तर न देता दाराबाहेर उभी राहिले. आतून फक्त पाण्याचा आवाज. नंतर विचारलं तर म्हणाला, समोर माणूस असेल तरच बोलायचं. माणूस नसताना कंप्युटर बोलत राहिला तर ते सगळं बोलणं त्याच्या नोंदवहीत उतरतं, आणि मग वहीत पानंच्या पानं 'चालू आहे, चालू आहे' एवढंच भरतं, कामाचं काही सापडत नाही.

जिना चढतानाही तेच. सतरा पायऱ्या. खाली कोणी बसलेलं दिसलं की चढता चढता सांगणार, "नऊ झाल्या, आठ राहिल्या." सुनेने त्याचं नाव टक्के ठेवलं. टक्के आले, टक्के गेले. त्याला कळलं तेव्हा तो दुखावला. नावाचं वाईट वाटलं नाही त्याला. म्हणाला, "वहिनी, मी टक्के कधीच देत नाही. टक्के खोटे असतात. नव्वदपर्यंत पळतात आणि तिथे बसून राहतात."

बेलापूरला कुठल्याशा कंपनीत तो कंप्युटरचे प्रोग्राम लिहायचा. चित्रं असलेले नाहीत. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. माणसाने एक ओळ लिहून हुकूम द्यायचा आणि यंत्राने काम करून यायचं. एवढं मला समजलं, कारण त्याने मला ते निदान वीस वेळा सांगितलं असेल. मी चौथी शिकलेली, पण सांगणारा असा असेल तर कोणालाही समजेल.

"हुकूम दिला की यंत्र आत जातं," तो सांगायचा. "एक मिनिट झालं, काही नाही. दहा मिनिटं झाली, काही नाही. बाहेरचा माणूस काय करतो?"

"चाय पितो."

"चहा पिऊन आल्यावर?"

"बंद करतो."

"बंद करतो. आणि आत काम अर्धं झालेलं असतं. अर्धं झालेलं काम न झालेल्यापेक्षा वाईट."

त्याच्या पहिल्या कंपनीत एका माणसाने त्याचा प्रोग्राम एकाच दिवशी तीनदा बंद केला होता. प्रोग्राम मेला नव्हता. नुसता गप्प होता. तेव्हापासून याने दुसरं काही मनावर घेतलं नाही. त्याचे नियम ठरलेले. काम एकूण किती आहे हे माहीत असेल, तर कितीपैकी किती झालं ते सांगायचं. एकूण माहीत नसेल, तर झालं तेवढंच सांगायचं. तेही सांगता येत नसेल, तर निदान काहीतरी हलवायचं. त्यासाठी त्याच्याकडे एक काडी होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पांढरी रेघ. उभी, तिरकी, आडवी, उलटी तिरकी, पुन्हा उभी.

"काडी सगळेच फिरवतात," तो म्हणायचा. "पण त्यांची काडी घड्याळावर फिरते. आत काम मेलं तरी फिरतच राहते. माझी काडी काम पुढे सरकलं तरच हलते."

हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की समोरच्याला वाटावं याने नदीला पूल बांधलाय.

रविवारी तो पनवेलच्या एसटी स्टँडवर जायचा. कुठे जायचं म्हणून नाही. चौकशीच्या खिडकीशी उभं राहून विचारायचा, आपट्याची गाडी कधी लागेल. आतून उत्तर यायचं, "लागेल." मग तो बाहेर येऊन विक्रमवाल्यांपाशी, म्हणजे मोठ्या शेअर रिक्षांपाशी, उभा राहायचा आणि त्यांच्याकडे डोळे भरून बघायचा. विक्रमवाला वेळ सांगत नाही. "दोन शीट, दोन शीट," ओरडतो. एक माणूस बसला की "एक शीट." शेवटचा बसला की गाडी निघते.

"अख्ख्या पनवेलमध्ये खरं बोलणारा एवढाच माणूस आहे, मावशी. कधी निघणार ते त्याला माहीत नाही, म्हणून सांगत नाही. काय कमी आहे ते माहीत आहे, ते सांगतो."

एकदा तो नुसता बघत उभा असताना ड्रायव्हरने हात धरून त्याला आत बसवला, कारण एकच शीट राहिलं होतं. हा उरणपर्यंत जाऊन आला. तक्रार केली नाही. म्हणाला, "माझ्यामुळे पूर्ण झालं."

लग्नाचं वय उलटत चाललं होतं. त्याचं गाव घाटावर, साताऱ्याकडे. आईबाप स्थळं बघायचे. एका मुलीच्या घरी पोहे खाऊन झाल्यावर याने तिच्या वडिलांना सांगितलं, "आपण आता तीनपैकी दुसऱ्या टप्प्यावर आहोत." त्यांनी पहिल्यावरच संपवलं. पण त्याआधीची एक गोष्ट त्याने मला फार उशिरा, गच्चीत पापड वाळत घालताना सांगितली. एक मुलगी त्याला आवडली होती. तिच्या घरच्यांनी "कळवतो" म्हणून सांगितलं. याने चौदा महिने वाट बघितली.

"फोन का नाय केलास?" मी म्हटलं.

"काम चालू असेल तर मध्ये त्रास देऊ नये ना."

"मंग?"

"मग एका चुलत्याकडून कळलं, तिचं लग्न होऊन आठ महिने झाले." त्याने पापड उलटला. "नाही म्हणाले असते तर चाललं असतं."

मी त्याला म्हटलं की तू येडा हायस. अजूनही तसंच वाटतं.

आता कॅसेटचं सांगते.

आमच्या लोकांत लग्नाला धवलारीण लागते. ती बाई असते. मांडव, तांदूळ धुणं, तेल, हळद, एकेक विधीचे धवले ती म्हणते आणि त्या गाण्यांनीच लग्न पुढे सरकतं. काय चाललंय आणि पुढे काय यायचं, ते गाण्यात असतं. माझी सासू धवलारीण होती, आपट्याची. तिच्यामागे मी. चाळीस वर्षं मी या बाजूची लग्नं लावली. पुढे लोकांनी भटजी आणले, बेंजो आणला, मग डीजे आला. मला बोलावणं कमी झालं. त्याचं मला दुःख नव्हतं, गुडघे दुखत होते. पण नातीचं लग्न ठरलं तेव्हा मी मुलाला सांगितलं, हळदीला मी म्हणणार.

"आये, तुला तो मोठा धवला आता येतो का?" त्याने विचारलं.

मोठा धवला म्हणजे हळदीचा. त्यात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं. ठरलेल्या क्रमाने. एक जरी राहिला तरी म्हाताऱ्या पुढची दहा वर्षं बोलून दाखवतात. मला सुरुवात येत होती, शेवट येत होता. मधलं गेलं होतं. दात जातात तसं गेलं होतं, कधी ते कळलं नाही.

"येईल," मी म्हटलं.

"मंग असं करू. तू म्हण. जिथं थांबशील तिथनं डीजे चालू."

तो हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला. डीजेवाल्याला सांगूनही टाकलं. आपल्याच नातीच्या हळदीत, आपल्याच मुलाने ठेवलेल्या डीजेने माझं तोंड बंद करावं, हे मला चालणार नव्हतं.

सासू असताना मुंबईहून एक कॉलेजवाला आपट्याला आला होता. त्याने तिचे धवले टेप केले. मी तेव्हा चुलीपुढे होते. एवढं आठवतं की तो पूर्ण वेळ बटणावर अंगठा ठेवून बसला होता, सेल संपू नयेत म्हणून. नंतर त्याने एक कॅसेट पाठवली. आमच्याकडे वाजवायला काही नव्हतं, ती बिस्किटांच्या डब्यात गेली. पुढे एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, डबा तरंगला. आता टेपवर लावली तर नुसती खरखर. खूप मागे, पत्र्यावर पाऊस पडत असताना कोणी बोलतंय तसा सासूचा आवाज.

टक्के म्हणाला, "मी खरखर काढून देतो."

त्याने टेपला वायर जोडून कॅसेट कंप्युटरात भरली. मग एक प्रोग्राम लावला. त्याचा स्वतःचा नव्हता, कुठून तरी फुकट मिळालेला. काळा पडदा, एक ओळ, खाली लुकलुकणारा पांढरा चौकोन. "वेळ लागेल," म्हणाला आणि ऑफिसला गेला.

दोन दिवस मी वर जाऊन बघत होते. चौकोन लुकलुकत होता. बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी मी पडद्यावर हात ठेवून बघितला, गरम होता. कंप्युटरच्या डब्यातून वाऱ्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं हे बिघडलंय आणि आता जळणार. मोठं बटण होतं ते दाबलं.

मी बंद केलं. लपवत नाही.

तो संध्याकाळी आला, वर गेला, खाली आला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. मी म्हटलं, "मीच केलं."

"माहीत आहे."

"मना वाटलं मेला."

"तुमची चूक नाही," तो म्हणाला. "दोन दिवस त्याने तुम्हाला काही सांगितलंच नाही." त्याच्या आवाजात राग होता, पण तो त्या प्रोग्रामवर होता. असा भाडेकरू मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने प्रोग्राम पुन्हा लावला असता. लग्नाला वीस दिवस होते. याने प्रोग्राम उघडला आणि त्याला बोलायला शिकवू लागला.

पहिल्यांदा ठिपके आले. थोडं काम झालं की एक ठिपका. ते त्याला पटलं नाही, ठिपके कितीपैकी किती ते सांगत नाहीत. मग त्याने सगळ्या आवाजाचे तुकडे पाडले, चारशे बारा, आणि आकडे लावले. मग वाटलं, एका तुकड्याला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ माणसाने काय करायचं. म्हणून आतली प्रत्येक बारीक हालचाल पडद्यावर आली. अक्षरांचा नुसता पूर. दिवसभर मी बघत बसले. संध्याकाळी त्याने हिशेब लावला, तर यंत्राचा सगळा दिवस सांगण्यात गेला होता आणि साफ झाला होता सासूचा एक खोकला.

"माझी धाकटी जाऊ अशीच हाय," मी म्हटलं. "चार भाकऱ्या थापते आनि आट घरांना सांगून येते."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. त्या दिवसापासून यंत्र सेकंदाला एकदाच बोलू लागलं.

मग लोडशेडिंग आलं. साठ तुकडे झाले होते, वीज गेली, वीज आली, पुन्हा एक. मी कपाळावर हात मारला. तो मात्र खूश झाला. आता थांबलं तिथूनच पुढे जायला शिकवतो, म्हणाला. त्यात आणखी चार दिवस गेले. लग्नपत्रिका वाटून झाल्या, मांडवाचे बांबू येऊन पडले. मी रोज विचारायची, "चालू केलास?" आणि तो सांगायचा, "करायच्या तयारीचे पाचपैकी तीन झाले."

"उद्या नाय लावलास तर तुझा डबा खाली फेकीन," मी सांगितलं.

हळदीच्या सहा दिवस आधी त्याने लावला. पडद्यावर आकडा आला, बाजूला काडी. त्याने समजावून सांगितलं, खरखरीतून आवाज सापडला की काडी एक घर हलते. नाही सापडला तर नाही हलत. खोलीच्या दारावर कागद लावला, 'चालू आहे, बंद करू नका', आणि त्याच्याखाली माझ्यासाठी मोठ्या अक्षरात, 'मावशी'.

त्यानंतर आमच्या घराला काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. आधी सून वर जाऊन बघून आली आणि म्हणाली, "सत्तावीस." मग नात. शेजारच्या बायका पापड बघायला म्हणून यायच्या आणि वर जायच्या. उरणची कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची, ती टोपली दारात ठेवून आधी विचारायची, "काय गो, काडी हलली का?"

"हलते हाय. एकशे नव्वद."

"मंग आज बोंबील घे. दोनशे झाले की पापलेट."

लोक वर चटईवर ओळीने बसायचे आणि एका रेघेकडे बघायचे. उभी, तिरकी, आडवी. कोणी मध्ये बोललं तर बाकीचे गप्प करायचे, जसं काही त्याने यंत्र दचकून थांबणार होतं. एक म्हातारा रोज दुपारी येऊन तिथेच झोपायचा. आणि माझा मुलगा, ज्याने आईचा धवला कधी धड ऐकला नव्हता, तो रेतीच्या गाडीवरून फोन करून विचारायला लागला, "किती झाला?" तीनशेचा आकडा लागला तेव्हा त्याने ड्रायव्हरांना चहा पाजला. कशाचा ते त्यांना सांगितलं नाही, त्यालाही सांगता आलं नसतं.

"ऐकायचा हाय का तुला तो धवला?" मी विचारलं.

"तसं नाय. पन चारशेच्या जवल आला ना."

हळदीच्या दिवशी सकाळी चारशे अकरा झाले.

आणि काडी थांबली.

राहिलेला एकच तुकडा. मोठ्या धवल्याचा. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी तोच होता, आधीच्या तुकड्यात त्याची सुरुवात आली होती. दहा वाजले, बारा वाजले. खाली मांडवात केळीचे खांब लागले. दोन वाजता मी वर गेले. पंधरा-वीस माणसं बसली होती, कोणी पापणी हलवत नव्हतं. काडी आडवी पडलेली.

"मेला काय रं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"तूच केलास ना?"

"काडी हलत नाही म्हणजे आवाज सापडत नाही. शोधतोय. सापडेल की नाही, कधी सापडेल, ते त्याला माहीत नाही. म्हणून मलाही नाही."

मुलगा म्हणाला, "अरे, अंदाजानं सांग ना. आईला बरं वाटंल."

त्याने माझ्याकडे बघितलं. "चारशे अकरा झाले, मावशी. एवढंच खरं आहे."

इतक्या माणसांसमोर खोटं बोलून मोकळं होणं किती सोपं होतं. त्याला ते जमत नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि मी खाली जाऊन लुगडं बदललं.

संध्याकाळी मांडव भरला. नातीला पाटावर बसवली. डीजेवाला पोरगेला नव्हता, चांगला मिशीवाला बाप्या, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि हात बटणावर ठेवला. ते मी बघितलं.

मी सुरुवात केली. गणपती आला. गावदेवी आली. एकवीरा आली. नाव घेतलं की हळदीचं एक बोट नातीला लागायचं. आवाज फाटला होता, पण चाल बरोबर होती. खंडोबा आला, हनुमान आला, पुढचे तीन देव आले, बापदेव आला. आणि मग मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं.

बायका थांबल्या. हळदीची बोटं वर राहिली. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. डीजेवाल्याने मुलाकडे बघितलं.

तेवढ्यात मागून पायऱ्या मोजणारा तो सपाट आवाज आला.

"चालू आहे. बंद करू नका."

सगळ्यांनी वळून बघितलं. टक्के खुर्चीवरून उठून उभा होता. हातात वही. अंगावर कोणीतरी हळद टाकलेला पांढरा शर्ट.

"नऊ झाले," तो म्हणाला. "किती राहिले ते माहीत नाही."

कोणी हसलं नाही. सहा दिवस हेच ऐकून त्यांना सवय झाली होती. डीजेवाल्याचा हात तसाच राहिला. कोळीण पहिल्या रांगेत होती, ती बोटांवर मोजत म्हणाली, "नऊ कनचे?" त्याने वहीतून नऊ नावं वाचली. ऑफिसात वाचावीत तशी.

"वाघोबा कुठं हाय त्यात?" कोळीण म्हणाली. "वाघोबा नाय झाला गो."

"सात आसरा पन नाय," मागून कोणी तरी म्हणालं.

"आपली सासूच कुठं झाली?" ती माझी धाकटी जाऊ. "आपट्याच्या आईला नाय बोलवलास तर ती येईल का हलदीला?"

मी वाघोबाला बोलावलं. चाल जिभेवर होतीच, नाव नव्हतं तेवढंच. वाघोबा आला, सात आसरा आल्या, नदी आली. सासू आली. तिकडून माणसं नावं पुरवत होती, मी चालीत घालत होते, आणि प्रत्येकाला मागून आकडा लागत होता. "तेरा." "चौदा." पुढे सगळा मांडवच आकडा म्हणू लागला. मुलगा सगळ्यात मोठ्याने. सतराव्याला तो स्वतःच म्हणाला, "बाबांना बोलव ना, आये." त्याच्या बापाला मी बोलावलं. एकोणीस झाल्यावर नावं संपली आणि मी शेवट म्हटला.

क्रम बरोबर होता का, मला माहीत नाही. म्हाताऱ्यांनी आजवर काही काढलेलं नाही. त्यांच्यातल्याच निम्म्यांनी नावं घातली होती, बोलणार कोण. डीजे नंतर लागला. मी तेव्हा जेवत होते.

लग्नानंतर दोन दिवसांनी चारशे बारा झाले. आम्ही दोघंच वर होतो. त्याने वाजवलं. सासूचा आवाज असा आला की मी पदर सारखा केला. गणपती, गावदेवी, एकवीरा, माझ्यासारखेच नऊ. बापदेव झाला. मग ती थांबली. श्वास घेतल्याचा आवाज आला, आत ओढलेला, पुढचं नाव घ्यायला घेतात तसा.

आणि खट्.

त्यापुढे खरखरही नव्हती. याच्या प्रोग्रामने ती सगळी काढून टाकली होती. तीन दिवस तो कोऱ्या पट्टीत आवाज शोधत बसला होता.

"संपला?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ती गप्प झाली. त्या कॉलेजवाल्याला वाटलं संपलं. त्याने बंद केलं."

त्याचे कान लाल झाले होते. साडेतीन वर्षांत मी त्याला माणसावर रागावलेला तेवढा एकदाच पाहिला. मला मोठं बटण आठवलं.

पुढच्या वर्षी त्याची कंपनी पुण्याला गेली. सामान उतरवताना तो जिन्यावरून सांगत होता, "चौदा नग. अकरा खाली." शेवटचा नग तो स्वतः होता. रिक्षात बसला आणि म्हणाला, "पोचलो की कळवतो." मग त्याला स्वतःचंच काहीतरी आठवलं असावं. पनवेलहून फोन आला, लोणावळ्याहून आला, स्वारगेटहून आला, नव्या खोलीच्या जिन्यावरून आला. मी शेवटचे दोन उचलले नाहीत. तरी सुनेने निरोप दिला, "टक्के पोचले. तिथला जिना बावीस पायऱ्यांचा हाय."

आता मी दिवसभर ओटीवर खुर्चीत बसते. कधी डोळे मिटलेले असतात. सून कामातून मधूनमधून डोकावते आणि दारातच उभी राहते, हाक मारायलाही घाबरते. तिला काय वाटत असतं ते मला कळतं. मी डोळे उघडत नाही, नुसतं बोट हलवते. उभं, तिरकं, आडवं. ती जाते.

तिला सांगून ठेवलंय, बोट हललं नाही तर समजायचं. उगाच फिरवत ठेवणारी मी नव्हे.